सरवा आणि शिलोंछवृत्ती

पीक खळ्यावर गेल्यावर शेतात जी कणसे, शेंगा वा दाणे मागे राहतात, त्यांस 'सरवा' म्हणतात. शास्त्रकारांनी येथे भेद सांगितला आहे. कणसे वेचणे ते 'शिल' आणि एकेक दाणा टिपणे तो 'उंछ'. मनुस्मृतीने या वृत्तीस 'ऋत' म्हटले आहे. धन्याने जे सोडले तेवढेच येथे घेतले जाते. कोणाचे हिरावले जात नाही, हे तिचे शुद्धत्व होय.

महाभारताच्या वनपर्वात मुद्गलाचे आख्यान आहे. तो कुरुक्षेत्री शिलोंछवृत्तीने राही. पंधरवड्यात वेचलेल्या द्रोणभर भातात तो अतिथीस जेवू घाली आणि उरलेल्यावर कुटुंबासह निर्वाह करी. दुर्वास उन्मत्त वेषाने सहा वेळा आले आणि प्रत्येक वेळी सर्व अन्न संपवून गेले. मुद्गल उपाशी राहिला, परंतु त्याच्या मनात क्रोध उपजला नाही. पुढे देवदूत विमान घेऊन आला. मुद्गलाने त्यास स्वर्गाचे गुण विचारले, तसे दोषही विचारले. पुण्य सरताच तेथून पतन आहे, हे कळताच त्याने विमान परत पाठविले.

मर्म येथेच आहे. ज्याने भुईवरचा दाणा तुच्छ मानला नाही, त्याने स्वर्ग मात्र उचलला नाही. देहापुरते घ्यावे आणि अनित्य फळ सोडावे, हा विवेक त्यास होता. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण भगवंतांनी स्वर्गभोगाचे हेच क्षयित्व सांगितले आहे. देवतांची फळे नाशवंत; मोक्ष देणारा परमेश्वर एकच, हा आपला सिद्धांत होय.

श्रीचक्रधर स्वामींनी साधकास भिक्षान्नावर राहण्याची आज्ञा केली. म्हणून साधकाने शेतात वेचावयास जावयाचे नाही. पण वेचणाऱ्याची वृत्ती त्याने भिक्षेत राखावी. गोडधोडाची निवड नको, दारी आग्रह नको, उद्याचा संचय नको. झोळी भरली आणि मनात हवेपण उरले, तर ती भिक्षा नव्हे. तो प्रपंचच झाला.

वासनिकांचे कर्तव्य याहून वेगळे आहे. तूर वा भुईमूग काढल्यावर गरीब बाया सरवा वेचावयास येतात. त्यांस हाकलू नये. त्यांचे वेचणे होण्यापूर्वी शेतात गुरे सोडू नयेत. आता कापणी यंत्राने होते, तरी बांधाकडेला काही राहतेच. ते राहू द्यावे. मात्र त्या सोडण्याचे पुण्य मोजीत बसू नये. शेतात सोडलेला दाणा मनात वेचून ठेवला, तर तो सुटलाच कोठे?

दंडवत प्रणाम.