व्यसनमुक्तीचें माप कोणतें?

एखाद्या व्यसनमुक्ति केंद्राच्या अहवालांत "इतके रुग्ण आले, त्यांतील निम्मे सुटले," असें वाचलें म्हणजे आम्हांस आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु तेवढ्यावरून त्या जिल्ह्यांतील दारूचें दुःख कमी झालें असें म्हणतां येईल काय? आमच्या मतें येणार नाहीं. जो दारापर्यंत चालत आला, त्याचें मन अगोदरच वळूं लागलें होतें. शिवाय मनुष्य बहुधा अगदीं वाईट दिवसांत येतो, तेव्हां पुढें थोडा उतार पडणें साहजिकच. त्यांत उपचाराचा वाटा किती, हें कळण्यास न आलेल्यांकडेही पाहावें लागतें.

आणि न आलेले थोडे नाहींत. केंद्र सरकारकरितां दिल्लीच्या एम्स संस्थेनें केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांपैकीं एकासच कांहीं उपचार वा मदत मिळाली, असें तींत आढळलें. उरलेले ३७ कोणत्याच केंद्राच्या अहवालांत नाहींत.

मग मोजावें काय? विक्रीचा हिशेब म्हणावा, तर गडचिरोलीसारख्या १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत चोरट्या भट्टीची नोंद कोणत्या वहींत सांपडणार? तेथें घरोघरच विचारलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नांवाची दहा प्रश्नांची यादी आहे. पुरे गुण ४०, आणि आठ वा अधिक पडल्यास पिणें धोक्याचें समजतात. तिचा नववा प्रश्न असा कीं, तुमच्या पिण्यामुळें तुम्हांस किंवा दुसऱ्या कोणास इजा झाली काय? प्रश्न उत्तम, पण उत्तर देणारा पिणाराच! ज्यानें मारलें त्यासच मार किती बसला हें विचारावें, हा कोठला न्याय? जिला लागलें तिला विचारा, व एकटीस विचारा.

येथें आमच्या उपदेशक बंधूंस एक शब्द. अशा पाहणीस गांवची घरें ठाऊक असलेला मनुष्य हवा असतो, म्हणून तुम्हांस बोलावणें येईल. नांव लिहूं नये, ऐकलेलें दुसऱ्या ओट्यावर नेऊं नये. नाहींतर ती मोजणी न राहतां चहाडी होते, आणि पुढच्या घरचें दार खरें बोलण्यास उघडत नाहीं.

समजा, रोज पिणारा एक मजूर उपचारानंतर केवळ बाजारच्या दिवशीं पितो. केंद्राच्या वहींत तो 'अयशस्वी' आहे. त्याच्या बायकोच्या हिशेबांत मात्र आठवड्याचे पांच रोज घरीं आले.