त्याचं औषध तू नाहीस

चि. मनू,


तुझा नवरा समुपदेशनाला जायला तयार झाला हे वाचून बरं वाटलं. पाठोपाठ तू विचारलंस, "मावशी, आता तो बदलेल ना?" माझी सगळी नोकरी मनोरुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्यात गेली, म्हणून तू मला विचारतेस हे मला कळतं. तेव्हा नुसती समजूत न काढता मला खरं वाटतं तेच लिहिते.

त्याच्यावर नार्सिसिस्ट असा शिक्का मात्र इतक्यात मारू नकोस. रील बघून निदान होत नसतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत नार्सिसिझमच्या विकाराला १९८० साली स्वतंत्र जागा मिळाली. त्यात नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान पाच हवीत, आणि तीही ऐन तारुण्यापासून, घरीदारी सगळीकडे दिसणारी. नुसता बढाईखोर किंवा हट्टी नवरा त्यात बसत नाही. निदान तज्ज्ञ करतील. तुला रोज जे सोसावं लागतं ते खरं आहे, आणि त्यासाठी निदानाची वाट पाहायला नको.

हा विकार असलेला माणूस स्वतःच्या प्रेमात बुडालेला असतो असं लोक म्हणतात. मला तसं कधी दिसलं नाही. आपली किंमत आपल्यापाशी टिकवून धरणं त्याला जमत नाही. कौतुक फुटक्या माठात ओतल्यासारखं वाहून जातं आणि पुन्हा कुणीतरी ओतायला लागतं. ते थांबलं की आत लाज उसळते. लाज सोसत नाही, म्हणून ती संताप होऊन दुसऱ्यावर कोसळते. यातली काही माणसं मोठ्या आवाजाची, मिरवणारी असतात. काही अगदी उलट, हळवी, मनाला लावून घेणारी, दिवसच्या दिवस अबोला धरणारी. घरात ही दुसरी लवकर ओळखू येत नाहीत, कारण आपल्याला त्यांची कीवच येत राहते.

तुझ्या प्रमोशनच्या संध्याकाळबद्दल तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो श्रीखंड आणायला म्हणून बाहेर पडला, उशिरा रिकाम्या हाताने आला आणि डोकं दुखतंय म्हणून दार लावून झोपला. सकाळी तू त्याची माफी मागितलीस. कशाची गं? तुझा आनंद त्याला स्वतःचा पराभव वाटला, आणि तो पराभव पुसण्याचं काम तू अंगावर घेतलंस. असं वर्षानुवर्षं चाललं की बाई आपली चांगली बातमी लपवायला शिकते. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायका बोलायच्या आधी दाराकडे बघायच्या. तुझ्या बाबतीत मला त्याचीच भीती वाटते.

आता उपचाराचं. या विकारावर दोन मोठी नावं आहेत, हाइन्झ कोहूट आणि ओटो कर्नबर्ग. दोघंही व्हिएन्नात जन्मलेले, दोघांनाही ज्यू म्हणून नाझींमुळे ते शहर सोडावं लागलं. कोहूट शिकागोला गेला, कर्नबर्गचं कुटुंब चिलीला आणि पुढे तो अमेरिकेत आला. कोहूटचं महत्त्वाचं पुस्तक १९७१ चं, कर्नबर्गचं १९७५ चं. कोहूट म्हणे, लहानपणी या माणसाकडे कुणी डोळे भरून पाहिलंच नाही. ती भूक समजून घ्या, त्याच्या बाजूने जग बघा. कर्नबर्गचं म्हणणं असं की, मोठेपणाच्या त्या चिलखताखाली हेवा आणि राग आहे, आणि तो समोर येईल तेव्हा त्याच्याशी स्पष्ट बोललंच पाहिजे. रुग्ण समोर असताना मला कोहूट पटायचा. त्याच्या बायकोशी बोलले की कर्नबर्ग.

उपचाराच्या खोलीतही घरातलंच घडतं. सुरुवातीला, "मॅडम, मला समजून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग एक दिवस मॅडमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते, आणि आवाज बदलतो. "तुमचं शिक्षण नक्की काय झालंय?" पुढच्या वेळी तो येत नाही. फार जण इथेच गळतात. जो दुखावला जाऊनही परत येतो आणि त्या दुखण्याबद्दल बोलतो, त्याचे उपचार खऱ्या अर्थाने तिथे सुरू होतात. याला काही वर्षं लागतात. खुद्द या विकारावर गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषध देतात, आणि बरेचदा ही माणसं त्या नैराश्यापायीच किंवा संसार मोडायची वेळ आली म्हणून येतात.

म्हणून त्याचे अश्रू, फुलं, शपथा यांवरून काही ठरवू नकोस. समुपदेशकाचा राग आला त्या आठवड्यातही तो जातो का, ते बघ. "माझं चुकलं" म्हटल्यावर तो "पण" न लावता थांबू शकतो का, ते बघ. आत काय बोलणं झालं ते विचारू नकोस, आणि भांडताना त्याला विकाराच्या नावाने हिणवू नकोस. त्याचं कौतुक वाढवून तो बरा होईल ही आशा मात्र सोड. ते काम बायकोचं नाही, ते तुझ्याच्याने होणारही नाही. स्वतःसाठी वेगळी समुपदेशक बघ. त्याचीच नको.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून मीच विचारते. तो तुझा पगार स्वतःकडे ठेवतो का? फोन तपासतो का? हात उगारलाय का कधी? यातलं काहीही असेल तर त्याच्या उपचारांची वाट पाहायची नाही, आणि दोघांनी एकत्र समुपदेशनालाही बसायचं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची अडवणूकही येते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेव. बॅग भरून सरळ माझ्याकडे ये, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. तुझ्या आईशी मी बोलेन.

तुझी,
मावशी