कळपाच्या चालीने

ब्रिटनमध्ये ‘थ्री पीक्स चॅलेंज’, म्हणजे तीन शिखरांचे आव्हान, नावाचा एक उपक्रम रूढ आहे. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस (१३४५ मीटर), इंग्लंडमधील स्काफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्समधील स्नोडन (१०८५ मीटर) ही त्या त्या प्रदेशातील सर्वांत उंच शिखरे चोवीस तासांत चढून उतरायची. पायी चाल सुमारे ३७ किलोमीटरांची. एका डोंगरापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास मोटारीने होतो व त्यातच दहाएक तास खर्ची पडतात. पुष्कळ लोक हा उपक्रम धर्मादाय कार्यासाठी करतात. आप्तेष्ट देणगीचे आश्वासन देतात आणि जमलेला निधी रुग्णांसाठी किंवा गरजूंसाठी जातो. अशा गटांबरोबर बहुधा एक वाटाड्या असतो. त्या वाटाड्याच्या कर्तव्याविषयी येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

समजा, गटात दहा जण आहेत. मधले शिखर, स्काफेल पाइक, बहुधा रात्रीच चढावे लागते. अर्ध्या वाटेवर एकाचे पाय उचलेनासे होतात. घड्याळ तर थांबत नाही. वाटाड्याने त्याला तेथेच बसवून पुढे जावे, धीर देत ओढीत न्यावे, की सर्वांना घेऊन मागे फिरावे?

कोणी म्हणेल, “नऊ जणांनी कित्येक महिने तयारी केली. त्यांच्या श्रमांवर दुःखितांचे साह्य अवलंबून आहे. एकासाठी सर्वांचे नुकसान करणे हा कोणता न्याय?” हा आक्षेप हलका नाही. सत्कार्यासाठी देह कष्टविणे चांगलेच आहे, आणि चोवीस तासांची अट आहे म्हणूनच देणाऱ्यांचे मन उत्सुक होते. तथापि या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. ब्रिटनमध्ये डोंगरात अडकलेल्यांना शोधून आणणारी पथके प्रामुख्याने स्वयंसेवकांची आहेत. ते वेतन घेत नाहीत व पथके देणग्यांवर चालतात. मागे सोडलेला मनुष्य अंधारात वाट चुकला, तर तेच लोक अंथरुणातून उठून डोंगर चढू लागतात. म्हणजे एका धर्मकार्याच्या नावाने आपण दुसऱ्या धर्मकार्यावर ओझे लादतो. ज्या दानाचे मोल न विचारता दुसऱ्याकडून वसूल केले जाते, त्याला दान कसे म्हणावे?

बेन नेव्हिसचा माथा धुक्याने झाकला म्हणजे वाटाड्याची खरी परीक्षा होते. दोन्ही अंगांना कडे आहेत. शिखरावरील खांबापासून नकाशाच्या २३१ अंशांच्या दिशेने १५० मीटर, मग २८२ अंशांच्या दिशेने, असे होकायंत्र पाहून पावले मोजीत निघावे लागते. तेथे सर्वांत वेगवान गड्याचा उपयोग नाही. सर्व जण एकत्र असणे हेच तारण.

पवित्र शास्त्रात असा एक वाटाड्या आहे. उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात एसाव याकोबाला बरोबर चालण्याचा आग्रह करतो. त्याच्यापाशी चारशे पुरुष आहेत. याकोब नम्रपणे नाही म्हणतो. मुले सुकुमार आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी जोराने हाकले तरी सारा कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने सावकाश येतो, असे तो सांगतो. याकोब पुढे सेईरास न जाता सुक्कोथास गेला, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी शंका घेता येईल. परंतु सांगितलेले कारण खोटे नव्हते. आणि हेही ध्यानात घ्यावे की यब्बोकच्या काठची झुंज होऊन गेली होती व याकोब स्वतः लंगडत होता. ज्याला आपले लंगडणे ठाऊक आहे, त्यालाच मागच्याची चाल कळते.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात अमालेकाचा अपराध सांगितला आहे, तोही याच स्वरूपाचा. थकून मागे रेंगाळलेल्यांवरच त्याने घाला घातला. पिछाडी उघडी टाकणाऱ्या पुढाऱ्याने हे वचन वारंवार वाचावे.

मग नऊ जणांचे काय? आमचे मत असे की या प्रश्नाचा निकाल डोंगरावर नव्हे, पायथ्याशीच लावावयाचा असतो. सोबत दुसरा वाटाड्या घ्यावा, म्हणजे एक जण थकलेल्यास घेऊन उतरेल व बाकीचे पुढे जातील. अमुक वाजता जेथे असू तेथून परतावयाचे, हे आधीच ठरवावे. वाटाड्या एकच असेल, तर सर्वांनी परतावे. दुर्बलाचेही एक कर्तव्य आहे. पाय दुखू लागताच त्याने सांगावे. लाजेने लपवून ठेवू नये. आणि बलवानाने ते ऐकून तोंड वाकडे करू नये.

स्काफेल पाइकचे शिखर लॉर्ड लेकनफील्ड यांनी १९१९ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेस दिले, ते पहिल्या महायुद्धात पडलेल्या त्या भागातील पुरुषांच्या स्मरणार्थ. जे स्वतःच परत न आलेल्यांच्या नावाने दिलेले दान आहे, त्या डोंगरावर कोणाला मागे सोडून दानाचा आकडा वाढविणे शोभत नाही.

आमच्या मंडळ्यांत अशी शिखरे नाहीत, पण घड्याळे आहेत. मंदिराच्या दुरुस्तीचा निधी ठराविक तारखेस पुरा व्हावा म्हणून गरीब कुटुंबाच्या दारी तिसऱ्यांदा जाणारी समिती, नाताळापूर्वी सर्व पाठ संपावेत म्हणून अडखळत वाचणाऱ्या मुलाला वगळून पुढे सरकणारा शब्बाथ शाळेचा शिक्षक, हे दोघेही वाटाडेच आहेत. तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी वर्गात किंवा समितीत बसताना एवढेच पाहावे की सर्वांत मागे कोण आहे, आणि त्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळते की नाही. उत्तम मेंढपाळाने आपली चालही तशीच जुळवून घेतली, म्हणून तर आपण आज कळपात आहोत.