दोन झोळ्या, एकच नवा करार

दोन माणसे एकाच देवाची प्रार्थना करून एकमेकांविरुद्ध उभी राहतात, तेव्हा न्याय कोणाकडे आहे हे कसे ओळखावे? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांस नवा नाही. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले, त्यातील साध्या शिपायाची झोळी उघडून पाहिली असता ह्यावर बराच प्रकाश पडतो.

उत्तरेकडील शिपायाजवळ सुमारे ९ पौंड वजनाची बंदूक, ४० काडतुसांची पेटी, एक घोंगडी व अर्धा तंबू असे. दोघा सोबत्यांनी आपापले अर्धे तुकडे बटणांनी जोडले म्हणजे दोघांपुरते छप्पर होई. झोळीत खारविलेले मांस, कॉफी, साखर आणि हार्डटॅक नावाचे बिस्किट. ते इतके कठीण की, बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवावे लागे, आणि कित्येकदा त्यातील किडे वर तरंगत. दक्षिणेकडील शिपायाजवळ बहुधा ह्याहूनही कमी असे. मक्याची भाकर व थोडे मांस एवढेच त्याचे अन्न, आणि पुष्कळांच्या पायांत जोडाही नसे. दोन्हीकडे शस्त्रांपेक्षा रोगांनीच अधिक माणसे मेली.

१८६२-६३ च्या हिवाळ्यात ही सैन्ये रॅपहॅनॉक नदीच्या दोन तीरांवर पडून होती. उत्तरेकडे कॉफी होती, दक्षिणेकडे तंबाखू. तेव्हा पहाऱ्यावरील शिपाई चिमुकल्या होड्या करून पाण्यावर सोडीत व ह्या जिनसांची अदलाबदल करीत. एक वस्तू मात्र बदलून घेण्याची गरज नव्हती. ती म्हणजे नवा करार. तो दोन्ही तीरांवरील झोळ्यांत होता.

कोणी म्हणेल, दोघेही भक्तिमान, दोघांनीही सारखेच सोसले, तर दोघांचा पक्षही सारखाच मानावा. परंतु ह्या हिशोबात गुलाम कोठे आहे? दक्षिणेकडील संस्थानांत सुमारे ४० लक्ष मनुष्ये गुलामगिरीत होती, व गुरांप्रमाणे विकली जात होती. तिकडील पुष्कळ गरीब शिपायांच्या मालकीचा एकही गुलाम नव्हता. ते मनोभावे प्रार्थना करीत, उपासमार सोशीत. तरी त्यांच्या कष्टांनी बळकट होत होती ती बेडीच. उत्तरेकडील लोकही निर्दोष नव्हते. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत असता काळ्या शिपायास १० ठरविले होते, आणि त्यांतूनही कपड्यांबद्दल ३ कापून घेत. १८६४ साली कायदा झाला, तेव्हा हा भेद मिटविण्यास आरंभ झाला.

तात्पर्य हे की, सोसलेले दुःख मनुष्यास आपल्या दयेस पात्र करते, परंतु त्याचा पक्ष न्यायाचा ठरवीत नाही. प्रार्थनेतील कळकळही तो ठरवीत नाही. दया दोन्ही तीरांवरील शिपायांस द्यावी. न्याय मात्र त्या दोघांच्या भांडणाखाली जो चिरडला जात आहे, त्याच्याकडे पाहून करावा.

आपल्या गावी विहिरीवरून अथवा बांधावरून तंटा पडतो, तेव्हाही दोन्ही पक्ष गुडघे टेकतात. उपदेशक बंधूंनो, अशा वेळी कोण अधिक रडला हे पाहू नका. ज्याला पंचांपुढे बोलावलेच नाही, परंतु निकालाचे ओझे ज्याच्या डोक्यावर पडणार आहे, त्याच्या दाराशी आधी जा.