नळाचा संयम

मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पाणीटंचाई होती. तेव्हा शहराच्या जलमंडळाने मॉलमधल्या नळांना धार कमी करणारे एरेटर बसवणे सक्तीचे केले. जे. पी. नगरचे मॉलही त्यात आले. सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणलेले कावेरीचे पाणी वाचू लागले. सक्तीने का होईना, चांगलेच झाले.

पण साधकाला प्रश्न पडतो, हा संयम कोणाचा? नळाचा! आपण हात धुऊन वरच्या मजल्यावरच्या 'सेल'मध्ये जातो. एका सुती टी-शर्टमागे, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे २७०० लिटर पाणी लागते. ते आपल्यासमोर वाहत नाही, म्हणून खटकत नाही. मॉलला दोष कसा द्यावा? विकणे हा त्याचा धंदाच. शर्ट आपल्या हातात आहे, आणि घरच्या कपाटात तसेच चार आहेत.