घरची विद्या आणि महाविद्यालयाचे शुल्क

ज्या मुलाने आपली पहिली विद्या घरीच, आईबापांच्या मुखातून घेतली, त्याला महाविद्यालयाच्या दारात प्रथमच विद्येचे मोल रुपयांत विचारले जाते. ते मोल कोणी द्यावे, आणि विद्यार्थ्याने कोणाकडून किती घ्यावे, हा वरवर पाहता व्यवहाराचा प्रश्न वाटतो. परंतु किंचित विचार केला असता तो नीतीचाच प्रश्न आहे असे दिसून येते. प्रस्तुत लेखकाचे आरंभीचे शिक्षण वडिलांपाशी घरीच झाले आणि शालान्त परीक्षा मागाहून दिली गेली. आता पदवीच्या शिक्षणासाठी वडिलांनी आयुष्यभराची ठेव मोडण्याची तयारी दाखविली आहे. ती घेणे योग्य काय, ह्या विचारातून पुढील चार शब्द सुज्ञ वाचकांसमोर ठेवीत आहे.

घरचे शिक्षण फुकट असते, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. जो पिता रोज दोन तास मुलाला रूपावली आणि गणित शिकवितो, तो तेवढ्या वेळाची पूजा, पारायण आणि त्यांची दक्षिणा सोडीत असतो. आई स्वयंपाक करता करता पाढे म्हणवून घेते, तेव्हा तिची विश्रांती खर्ची पडते. ह्या खर्चाची पावती कोणी देत नाही, एवढेच. म्हणून घरी शिकलेला मुलगा महाविद्यालयात जातो तेव्हा त्याच्या शिक्षणाचा एक मोठा हप्ता आईबापांनी आधीच भरलेला असतो, हे त्याने विसरू नये.

गुरुकुलाच्या काळी दक्षिणा विद्या संपल्यावर द्यावयाची असे. आज शुल्क विद्येपूर्वी भरावे लागते. ज्याच्या हाती अजून काही नाही, त्याच्याकडूनच ते मागितले जाते. साहजिकच त्याला याचना करावी लागते. याचना कशी असावी, ह्याचा आदर्श रघुवंशाच्या पाचव्या सर्गात आहे. वरतंतूंचा शिष्य कौत्स चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्ण गुरूला देण्यासाठी रघुराजाकडे आला. राजाने यज्ञात सर्वस्व दान केले होते. तथापि कुबेराकडून सुवर्णवृष्टी झाली, आणि ते सारे राजा देऊ लागला. कौत्स गुरुदक्षिणेपुरतेच घेईन म्हणाला. देणाऱ्याने अधिक द्यावे आणि घेणाऱ्याने गरजेपुरतेच घ्यावे, असा हा सुंदर तंटा होता.

ही केवळ पुराणातील गोष्ट नव्हे. आनंदीबाई जोशी ह्यांना पती गोपाळराव ह्यांनी बहुतांशी घरीच शिकविले. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचा विषय निघाला, तेव्हा मिशनरी वाइल्डर ह्यांच्या उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता. त्या अटीवरचे साहाय्य जोशी दांपत्याने स्वीकारले नाही. पुढे १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपला हेतू उघड सांगितला. तेव्हा लोकांनी वर्गणी पाठविली आणि व्हाइसरॉयांनीही २०० रुपये दिले. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी घरी आश्रय दिला. १८८६ साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली.

त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांचेही संस्कृत शिक्षण आईबापांपाशीच, तीर्थयात्रेच्या वाटेवर झाले होते. इंग्लंडच्या प्रवासासाठी त्यांना १८८२ सालच्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचे साहाय्य झाले. तेथे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. त्यांनी तेथे धर्म बदलला, हे सर्वश्रुत आहे. तथापि ज्या भगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीही त्या धर्मविचारात निःसंकोच वाद घालीत. घेतलेल्या पैशापोटी बुद्धी गहाण पडते असे नाही, इतके ह्यावरून निश्चित होते.

आज मार्ग पूर्वीइतका बिकट नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयामुळे घरी शिकलेल्या मुलास परीक्षा देता येते. आपल्या हैदराबादेतच १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा त्यात प्रथमपासून विचार आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेत श्रम करून शिकण्याची प्रथाच पडली. तेव्हा श्रम हे पहिले साधन, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

कोणी म्हणेल, बापाच्या प्रेमाचा असा हिशेब कशाला? आक्षेप रास्त आहे. त्यांचे काहीच न घेणे हा अहंकार ठरेल. कौत्सानेही दान नाकारले नाही. परंतु त्या ठेवीवर वडिलांचे म्हातारपण आणि धाकट्या बहिणीचे शिक्षणही अवलंबून आहे. जे देणारा स्वतःसाठी मागणार नाही, ते घेणाऱ्याने त्याच्यासाठी राखले पाहिजे. म्हणून काम करीत शिकता येईल असा अभ्यासक्रम निवडावा, पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरतेच वडिलांकडून घ्यावे, आणि तेवढी रक्कम पुढे बहिणीच्या शुल्कासाठी उभी करावी, असे ठरविले आहे. वडिलांना हे अद्याप पुरते रुचलेले नाही. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, पण पितृऋणाकडे पाठ फिरवून नव्हे, एवढेच त्यांच्यापाशी म्हणणे आहे.

आपल्या मंडळींतही अशी मुले आहेत. त्यांनी गरज लपवू नये आणि वाढवूनही सांगू नये. ज्यांना देणे शक्य आहे त्यांनी अट न घालता द्यावे, आणि परतफेड आपल्याकडे न मागता पुढच्या विद्यार्थ्याकडे वळवावी, ही नम्र विनंती.