शिवारातल्या कोळ्यांची नोंद

'इंडियन जर्नल ऑफ अरॅक्नॉलॉजी' हे कोळ्यांच्या अभ्यासाला वाहिलेलं नियतकालिक २०१२ साली निघालं, आणि त्यामागे अमरावती विद्यापीठातली प्राणिशास्त्राची मंडळी होती. पहिल्याच अंकात केसवानी आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या कोळ्यांची यादी छापली. ६० कुळं, ४३८ प्रजाती, १,६८६ जाती. बी. के. टिकादर यांच्या १९८७च्या ग्रंथात जातींचा आकडा १,०६७ होता. मधल्या काळात भर पडली ती शोधणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. कोळी तर आधीपासून इथेच होते.

याद्या करणं हे दुय्यम काम, असं विद्यापीठांच्या मूल्यमापनात सर्रास धरलं जातं. परदेशी नियतकालिकातल्या एका निबंधाला जे गुण, ते तालुक्याच्या यादीला नाहीत. मला हे साफ चुकीचं वाटतं. आज काय आहे हे लिहूनच ठेवलं नाही, तर उद्या काय गेलं ते कोण सांगणार?

पावसाळ्यात पऱ्हाटीच्या ओळीत वाकून बघा. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची पांढुरकी पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून ढेकळांतून धावत असते. पिलं बाहेर आली की सगळीच्या सगळी तिच्या पाठीवर चढतात. शिकारीसाठी ती जाळं विणत नाही, समोर येईल तो किडा धरते. वर पानावर काटेरी पायांचा दुसराच कोळी दबा धरून बसलेला असतो. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत या दोघांचं काही चालत नाही, हे मान्य. पण बाहेरच्या किडींवर त्यांचा फुकटचा पहारा असतो, आणि अळीसाठी मारलेल्या फवाऱ्यात हे पहारेकरीही मरतात.

त्यातला नेमका कोणता कोळी मेला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. दिसायला सारख्या असलेल्या दोन जाती कित्येकदा जननेंद्रियांच्या रचनेवरूनच वेगळ्या काढाव्या लागतात, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. हे काम जाणणारी माणसं मुळात थोडी. ती आपल्याच विद्यापीठात तयार झाली, याचं मोल वऱ्हाडानं ओळखायला हवं.

अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागानं आपल्या आसपासच्या शिवारातल्या कोळ्यांची यादी करावी, तज्ज्ञांकडून तपासून छापावी, आणि तिची एक मराठी प्रत गावच्या ग्रामपंचायतीत ठेवावी.